बैलाच्या नावाचं कुलूप

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या. इचलकरंजीजवळच्या ठाण्यात वडिलांचा हात धरून आलेली ती मुलगी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

शेतकऱ्याची, बारावी झालेली मुलगी. नर्सिंगच्या ऑनलाइन अर्जात तिनं पुण्याचं कॉलेज पहिलं भरलं होतं. कुणीतरी तिच्या खात्यात शिरून ते काढलं आणि अर्ज लॉक केला. दुरुस्तीची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, आणि अर्ज उघडायला प्रवेश कार्यालय पोलिसांचं पत्र मागत होतं.

मी जबाब घेऊ लागलो. "पासवर्ड कुणाला सांगितला होतास?"

"कुणालाच न्हाई, साहेब."

"होता काय?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. "आमच्या बैलाचं नाव, फुडं त्याच्या वाढदिवसाची तारीख."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. तो बैल आम्ही रोज चौकात तिच्या वडिलांनी लावलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बघत होतो, नाव आणि तारखेसकट. शेजारच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांना गॉगल होते, याला नुसती झूल. त्या चौकात साधा असा तोच दिसत होता.

म्हणजे संशयित सगळं गाव. पण दुपारी, तक्रारीची बातमी ऐकून, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. "साहेब, काल एक पोरगी माझ्या कॉम्प्युटरवर फॉर्म लॉक करून गेली. फॉर्मवरचा फोटो दुसरीचाच हुता."

ती निघाली तक्रारदार मुलीची जिवलग मैत्रीण. शाळेपासून एका बाकावर बसलेली. तिला आईसोबत बोलावलं, महिला हवालदारांना शेजारी बसवलं, चहा मागवला. अशा वेळी आवाज चढवला की माणूस मिटतं.

"ती पुण्याला गेल्यानं तुझं काय बिघडत होतं?"

तिला रडू फुटलं. "ती गेली की मी कुणासंगं बोलायचं, साहेब? मला घरातनं इचलकरंजीच्या फुडं सोडत न्हाईत."

हे कळल्यावर तक्रारदार मुलगी माझ्या टेबलाशी आली. मग म्हणाली, "तिच्यावर गुन्हा नको. पर पत्र द्या, साहेब, आणि आजच द्या."

पत्र लगेच गेलं. मुदतीच्या आत अर्ज उघडला, पुण्याचं कॉलेज परत पहिलं भरलं गेलं.

जाताना मी तिला सांगितलं, "आता एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोड. त्यांचं काहीतरी विचित्र चित्र डोळ्यांसमोर आण, म्हणजे विसरणार नाहीस. नाव नको, तारीख नको. आणि मलाही सांगू नकोस."

"मला तरी सांगशील न्हवं?" वडील म्हणाले.

"न्हाई आबा. तुमी फ्लेक्स लावशीला."

सगळं ठाणं हसलं, आबाही. मैत्रीण तेवढी दारात मान खाली घालून उभी होती. ही तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "चल की घरला."

ज्याच्यावर जीव, त्याचंच नाव माणूस कुलपाला देतो, आणि त्याच्याविषयी गप्प बसणं काही त्याला जमत नाही. त्या केसनंतर मी पासवर्डच्या बाबतीत कडक झालो, माणसांच्या बाबतीत थोडा सैल.