ढाणकीहून येणारा चाकू

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, की आजोबा आणि ढाणकीचे धाकटे आजोबा चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे खरं का. खरं आहे. क्रमानं सांगते.

तुमचे आजोबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस ओढायचा, धागा ताणून पाहायचा, ओल तपासायची आणि प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत केंद्राबाहेर गाड्यांची रांग संपता संपत नसे. अशाच एका रांगेत धाकटे आजोबा आपली गाडी घेऊन आले आणि यांनी सगळ्यांदेखत सख्ख्या भावाचा कापूस ओला म्हणून परत पाठवला. त्यानंतर धाकटे आजोबा आमची पायरी चढले नाहीत.

आजोबा निवृत्त झाल्यावर एका दुपारी मात्र धाकटे आजोबा यवतमाळला आमच्या दारात उभे राहिले. मी चहा टाकला. आता या दोघांचं पुन्हा बिनसू नये, एवढंच मला हवं होतं.

त्यांनी खिशातून शिंगाच्या मुठीचा, सात पात्यांचा घडीचा चाकू काढला. जावयानं परदेशातून आणलेला. "दादा, हा तुले," म्हणून त्यांनी तो फरशीवर ठेवला, कारण चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात. आजोबांनी उचलला. इथवर सगळं ठीक होतं. मग केंद्रावर प्रत ठरवण्याआधी पुसायचे तसा त्यांनी चष्मा पुसला, आणि मला धडकी भरली.

सोबतचा कागद इंग्रजीत होता, म्हणून तो मी वाचायचा असं ठरलं. मी वहीत सात रकाने आखले. मोठ्या पात्यानं आजोबांनी वांगं चिरलं, लहान पात्यानं पेन्सिल टोकली, करवतीनं खाटेच्या पायाची ढलपी काढली. बाटलीचं बूच काढायची पिळाची सळी आमच्या घरात कशात घालावी कळेना, म्हणून बटाट्यात घातली. बटाटा सुटेना. पुढची तपासणी बटाट्यासकट झाली.

सातवं पातं आकड्यासारखं होतं. "घोड्याच्या खुरातले खडे काढण्यासाठी," मी वाचलं.

"घोडा नाही आपल्याकडं," आजोबा म्हणाले.

"शेजारी बकरी हाये ना."

बकरी आणली. धाकट्या आजोबांनी पाय धरला, आजोबांनी खूर पाहिला. खडा नव्हता. मग तपासणीपुरता एखादा खडा बसवावा का, यावर दोघं बराच वेळ बोलले. चार वर्षांतलं ते त्यांचं पहिलं सलग बोलणं. तेवढ्यात बकरीनं माझी तुळस अर्धी केली.

शेवटी आजोबांनी मोठं पातं अंगठ्यानं हलवून पाहिलं. ते हललं.

"खिळा ढिला हाये. दुसरी प्रत."

"भेट हाये बाप्पा. भेटीले प्रत कायले लावून राह्यला?"

"प्रत मालाची असते. माल कोणाचा हाये, ते मी पायत नाही."

"मले माहीत हाये ते," धाकटे आजोबा म्हणाले. "चार वर्सांपासून माहीत हाये."

त्यांनी बटाटा ओढून माझ्या हातात दिला, चाकू मिटून खिशात टाकला आणि चपला घातल्या. मी आजोबांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे पाहत होते.

"परत पाठवलेला माल वाळवून आणता येते," आजोबा एकदम म्हणाले. "तसा नियमच हाये. तू आलाच नाही."

"राग आलता."

"मी सांजेलोक रांगेकडं पाहून राह्यलो होतो. शेवटची गाडी गेली तरी."

धाकटे आजोबा दारातच थांबले. चपला काढल्या नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, चहा गार झाला असन तं गरम करा."

पुढच्या महिन्यात ते एसटीनं चाकू घेऊन आले. खिळा घट्ट केला होता. आजोबांना करवतीवर गंज दिसला. त्याच्या पुढच्या महिन्यात मुठीत चीर निघाली. अजूनही चाकू आमचा झालेला नाही. गेल्या खेपेला काहीच दोष सापडेना, तेव्हा आजोबांनी तो उन्हात धरला, कानाशी वाजवला, हुंगला आणि म्हणाले, मुठीला वास येतो.

"येते खरा," धाकटे आजोबा म्हणाले आणि जेवायला बसले.