चाकाला खालची बाजू नसते

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीपर्यंत कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. मासळी साफ करून बोटं सुजलेली असतात, त्यामुळे पेनही सरळ चालत नाही. ही वही मुलीची. तिचं लग्न झाल्यावर कपाटात राहिली, मागची पानं कोरी होती. कुणाच्या हाती लागली तर चुकांबद्दल माफ करावं. तोंडाने सांगायला गेले की माझं अर्ध्यावर थांबतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही करावे गावातले. पहाटे नवरा माल घेऊन येतो. मी ओट्यावर बसून तो साफ करते, कापते, पिशव्या भरते. मग गाडीत बर्फाच्या पेट्या ठेवून आम्ही सीवूड्स आणि नेरूळच्या सोसायट्यांमध्ये घरोघर फिरतो. गाडी तो चालवतो, बेलही तोच वाजवतो. मी मागे पेट्यांशेजारी बसून पिशव्या काढून देते.

हे असं ठरलं ते माझ्यामुळे. सासूबाई गेल्या तेव्हा बाजारातली त्यांची जागा मला मिळाली होती. अकरा दिवस बसले. शेजारच्या बाया गिऱ्हाइकाला हाका मारून थांबवायच्या, भावावरून भांडायच्या आणि त्याच दमात हसायच्याही. माझ्या तोंडून "घ्या ना" एवढंसुद्धा निघत नव्हतं. एकीने मला विचारलंही, "काय गो, मासली इकतेस का राखन करतेस?" मग सगळ्याच हसल्या. रोज अर्धा माल घरी परत यायचा. बाराव्या दिवशी नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे," आणि नंतर त्याने ही छोटी जुनी गाडी घेतली. लोकांना ती गाडी दिसते. मला ती बाजारातून झालेली सुटका वाटते.

उन्हाळ्यात एकदा पुढचं डावं चाक पंक्चर झालं. चाक काढलं तेव्हा त्याच्या मागे मला एक काळं रबर दिसलं, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं. ते एका घडीत फाटलं होतं आणि आजूबाजूला काळं ग्रीस उडालं होतं.

"एक्सलचा बूट फाटलाय," नवरा म्हणाला. "गॅरेजवाला दोन-अडीच हजार घेल. आता बंदीचं दिवस येतील, पैसं कुठून आननार?"

बंदी म्हणजे पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत ते दिवस. मासळी कमी आणि महाग. मला तेव्हा वाटलं, फाटलंच आहे ना? फाटलेलं शिवायची मला लहानपणापासून सवय आहे. बापाची जाळी मीच शिवायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, गाडीखाली आडवी झाले, घरात होतं ते ग्रीस आत भरलं, पट्टी गुंडाळली आणि वरून जाळ्याच्या नायलॉनने घट्ट बांधली. नवऱ्याने वाकून बघितलं. "बेस बांधलास गो! गॅरेजच टाक आता."

मी लाजले. पण बरं वाटलं होतं.

महिनाभराने पाऊस जोरात असताना आवाज सुरू झाला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून कट कट कट. सोसायटीच्या गेटातून आत वळताना वॉचमन मान वर करून बघायचा. नवऱ्याने चार दिवस काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "बूटच बदलायचा असंल तर बदलू. पन आतला जॉइंट गेला असंल तर त्याचा खर्च आपल्याला झेपनार नाय. मग गाडीच इकू. मी कुटं वॉचमनची नोकरी बगतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुना बाजारात बसाया लागंल."

तो रागाने बोलला नव्हता. म्हणून जास्त लागलं.

शिरवण्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. मिस्त्री साठीच्या पुढचे, साताऱ्याकडचे, एकटेच काम करतात. शुक्रवारी सकाळी गाडी तिथे लावली. ऑर्डरी थांबणार नव्हत्या, म्हणून नवरा पिशव्या घेऊन रिक्षाने गेला आणि मला गाडीजवळ बसवून गेला. मी टायरवर बसले.

मिस्त्रींनी गाडी उचलली, चाक काढलं आणि माझी पट्टी त्यांना दिसली.

"हे कुनी बांधलंय?"

मी टायरवरची माती नखाने खरवडायला लागले.

"ताई, तुमाला इचारतोय. हितं दुसरं कोन हाय?"

"मी," म्हटलं.

"तुमी?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने गाठ उचकटून बघितली. "अवो, आमी लोखंडाची क्लिप लावतो, ती बी कधी ढिली पडती. ही तसूभर हलली न्हाई. कोळ्याची गाठ हाय व्हय?" मग त्यांचं बोट पट्टीच्या टोकाशी थांबलं. "पर हे भोक कशापायी ठिवलंय?"

"पाणी जायला."

"कुठनं?"

"खालून."

मी ते मुद्दाम ठेवलं होतं. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला पाणी निघायला वाट असते. पेटीला, टोपलीला, ओट्याला. पाणी साचलं की मासळी खराब होते, हे मला कुणी शिकवलं नाही, जन्मापासून डोळ्यासमोर आहे. म्हणून बांधताना सर्वांत खाली करंगळीएवढी फट सोडली होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चाक जिथे बसतं तो भाग त्यांनी हाताने हळूहळू फिरवला. माझी फट मागे गेली. मग वर आली. मग पुढे. मग पुन्हा खाली.

"दावा आता," ते म्हणाले. "खालची बाजू कुठली?"

तीन-चार वेळा त्यांनी फिरवलं. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चाकाला खालची बाजू असती व्हय, ताई? आँ? पानी जायला वाट ठिवली, त्येच वाटेनं पानी आत आलं आन ग्रीस भाईर गेलं!"

मला रडू यायला लागलं होतं. रोज चाक बघते. त्याला वर-खाली नसतं, हे पंचेचाळीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता बाजारात बसावं लागलं तर ते माझ्याच हाताने झालेलं असणार होतं.

माझं तोंड बघून ते हसायचे थांबले. "हसलो म्हून राग मानू नका. उघडून बघूया. आत काय हाय ते आत गेल्याबिगर कळत न्हाई."

त्यांनी मधला मोठा नट सोडवला, चाकाची बैठक बाजूला ओढली आणि लांब दांडा, म्हणजे एक्सल, बाहेर काढला. माझी गाठ सुटेना, शेवटी गाठीशेजारून नायलॉन ब्लेडने कापलं. रबर मागे सारलं, हातोड्याचे दोन ठोके दिले आणि जॉइंट दांड्यावरून निघाला. त्यांनी आतलं ग्रीस चिमटीत धरून माझ्यासमोर केलं. मी बोटांत चोळलं. कचकच लागली.

"वाळू," ते म्हणाले. मी मान हलवली.

मग त्यांनी तो जॉइंट डिझेलच्या डब्यात धुतला. काळं पाणी निघत राहिलं, आणि एकदम आतून चमक आली.

मला नीट लिहिता येत नाही, पण प्रयत्न करते. लोखंडाची एक वाटी. तिच्यात एक कडं. कड्याला सहा खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक गोळी, मोठ्या बोराएवढी, आरशासारखी. मिस्त्रींनी आतला भाग वाकवला तर तो वाकला. फिरवला तर फिरला. वाकवून फिरवला तरी फिरला, आणि सहाही गोळ्या आपापल्या खोबणीत पुढेमागे सरकत राहिल्या. एकही दुसरीच्या वाटेत आली नाही.

"इंजिनाचा जोर ह्येच्यातनंच चाकाला जातो," ते म्हणाले. "चाक वळलं, खड्ड्यात गेलं, वर उडालं, तरी जोर तुटत न्हाई."

एवढी वर्षं मी याच्या दोन हात मागे बसून पिशव्या मोजत होते. पाठीवर पेट्या, पुढे खड्डे, आणि इथे अंधारात या सहा गोळ्या न बोलता आमचं घर चालवत होत्या. आणि मला चिंबोरी आठवली, म्हणजे मोठा खेकडा. चिंबोरीचं कवच दगडासारखं असतं, पण नांगी जिथे वाकते तिथे फक्त पातळ कातडं. ते फाटलं की आतलं सगळं जातं. हजारो चिंबोऱ्या मी त्याच जागी मोडल्या आहेत. ज्याने हा जॉइंट पहिल्यांदा केला त्यालाही वाकायच्या जागी तसंच रबराचं कातडं लावावं लागलं. मी गोळ्यांकडे बघत हात जोडले. मिस्त्रींनी पाहिलं, पण हसले नाहीत.

त्यांनी गोळ्या एकेक करून काढून फडक्यावर ठेवल्या आणि खोबणीतून अंगठा फिरवला. "बरा वाटतोय. तुमी बगा. मासळीतला काटा हुडकनारी बोटं हैत तुमची. खड्डा लागला तर सांगा. लागला तर जॉइंट गेला."

पहिली खोबण गुळगुळीत. दुसरी, तिसरी तशीच. चौथीत एका अंगाला नख अडलं. अगदी जरासं. बोट पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडलं.

मी बोलले नसते तर त्यांना कळलं नसतं. बाजार डोळ्यासमोर आला, ती हसणारी तोंडं आली. पण त्या सहा गोळ्या समोर होत्या, त्यांच्यासमोर खोटं बोलणं मला जमेना.

"इथे आहे," म्हटलं.

"मला न्हाई लागलं."

"आहे."

त्यांनी चष्मा लावला, बॅटरी धरली, बराच वेळ बघितलं. "बराबर. गंजानं खाल्लंय, पर खोल न्हाई." ते उकिडवे बसून विचार करत राहिले. "उजवीकडचा बूट बी चिरलाय, त्यो बदलायलाच पायजे. मग असं करूया. ह्यो जॉइंट उजवीकडं टाकतो, उजवीकडचा डावीकडं. चाक पुढं पळताना जोर खोबणीच्या येकाच अंगाला येतो. बाजू बदलली की दुसऱ्या अंगाला येनार. खाल्लेलं अंग मोकळं ऱ्हाईल."

"आणि चालेल?"

"तुमी सांगितलं म्हून चालंल. तसाच बशिवला असता तर दिवाळीपातुर परत आला असता."

ते म्हणाले ते सगळं मला समजलं नाही. एवढं समजलं की गाडी विकावी लागणार नाही. मी उठून पदराने तोंड पुसलं, पदराला ग्रीस लागलं होतं ते तोंडाला लागलं.

नंतरचं काम त्यांनी मला धरायला लावलं. आधी नवा बूट दांड्यावर, मग ग्रीस भरलेला जॉइंट, तो टक्कन आवाज करून बसेपर्यंत ठोके. क्लिप आवळायच्या आधी त्यांनी बारीक पट्टी आत सारून कोंडलेली हवा सोडली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बगा, वाट ठिवली आन परत बंद केली." दुपारी नवरा आला. गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्याने चार चकरा मारल्या. आवाज नव्हता. तो काच खाली करून ओरडला, "अगो, बस ना!"

खर्च सव्वीसशे झाला. आमच्याकडे हजार होते. मिस्त्री उधारी लिहून ठेवत नाहीत. शेडच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे, प्रत्येक खिळ्यावर कुणाच्या तरी गाडीचा जुना भाग. त्यांनी आमचा फाटका बूट, माझ्या नायलॉनसकट, एका खिळ्यावर टांगला. "पैसं फिटलं की उतरवतो," एवढंच बोलले.

बंदी उठेपर्यंत मी तीनदा गेले. कधी तीनशे, कधी दोनशे. दर वेळी तो तिथे लटकलेला असायचा, गाठ तशीच. नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या, पापलेट आलं, सोसायट्यांच्या ऑर्डरी वाढल्या. उरलेले आठशे घेऊन मी एकटी शिरवण्याला गेले. नवरा येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. मिस्त्रींनी पैसे न मोजता खिशात टाकले, स्टुलावर चढून बूट उतरवला आणि माझ्या हातात दिला. खिळा रिकामा झाला.