रेशनकार्डावरची दोन मुलं

"दोनच आहेत साहेब, कार्डावर लिहिलीत तेवढीच," असं दयाराम मेश्राम एकदा रेशन ऑफिसात म्हणाला होता.

कार्डावरची बेबी त्याची होती. माया भावाची, शाळेसाठी भंडाऱ्याहून लखनौला आणलेली. नोकरीपायी तिकडे गेलेल्या आपल्या बहुतेक घरांत असं एखादं पोर असायचं. साखर थोडी जास्त मिळावी म्हणून तेही आपलंच म्हणून लिहायचे. कुणाला त्यात खोटं वाटत नसे.

शहात्तर साली त्याच्या सरकारी ऑफिसात यादी निघाली. दोन मुलं झालेल्यांनी नसबंदी करावी. करणाऱ्याला क्वार्टर लवकर मिळेल, न करणाऱ्याची वेतनवाढ थांबेल. माया पुतणी आहे म्हणावं, तर कार्ड खोटं ठरत होतं. दयारामनं सही केली. घरी बायकोला, सुभद्राला, हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं.

क्वार्टर मिळालं. पुढं माया गावी परतली, बेबी एकटी पडली, आणि सुभद्राला आणखी एक मूल हवंसं झालं. दयाराम तिला रिक्षानं चौकात हकिमाकडे न्यायचा. ती आत जायची, हा रिक्षातच बसून राहायचा. घरी ती नाक दाबून काढा प्यायची, हा पाण्याचा पेला धरून उभा. रविवारच्या वंदनेत पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की त्याचे नुसते ओठ हलत. सुभद्राला वाटे, घसा बसलाय. तीन वर्षं असं चाललं.

ऐंशीच्या हिवाळ्यात ऑफिसातला गजेंद्र चहाला आला.

"वहिनी, नवं सर्क्युलर आलंय. आता ऑपरेशन केलं की रिटायर होईपर्यंत जादा इन्क्रिमेंट. आपल्या दयारामनं उगाच घाई केली यार. शहात्तरातच करून बसला, एका क्वार्टरवर."

तो एकटाच हसला.

"कसलं ऑपरेशन?" सुभद्रानं विचारलं.

"नसबंदीचं. म्हणजे... तुम्हाला माहीत असेलच." दयारामकडे पाहून गजेंद्र चहात बिस्किट बुडवत राहिला.

सुभद्रानं आवाज चढवला नाही.

"हकिमानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दोष नवऱ्यात तर नाही? मी म्हटलं, नाही, माझ्यातच असेल. तुम्ही बाहेर रिक्षात होता तेव्हा."

दयाराम उठला. दाराशी पायानंच चपला चाचपल्या, घातल्या, आणि बाहेर पडला.