लेखक: भैय्यालाल

इंद्रकुमारला पाहिलंत तर म्हणाल, हा माणूस भुताखेतांना काय भिणार! केशोरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान, नाकावर चष्मा, आणि गिऱ्हाईक गेलं की कॉम्प्युटरवर मराठी मुक्त ज्ञानकोश उघडून बसायचं. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं असा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश. तिथे याचा काय दरारा! कोणा पुढाऱ्याच्या भाच्यानं मामाची आरती ओवाळली की इंद्रकुमार ती उडवायचा आणि वर बजावायचा, 'आपल्या माणसाबद्दल आपण लिहू नये. छापील संदर्भ हवा.' पण हाच माणूस हल्ली घाबरलेला असतो. कशाला, तर स्वतःच लिहिलेल्या एका ओळीला.

त्याचं गाव बोडीटोला. दिवाळी झाली की तिथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक नसलं तर पाहुणे तोंडावर बोलतात. 'ओवाळणी राहिली' हे नाटक गावातलंच. बसवलं इंद्रकुमारच्या वडिलांनी, भैय्यालालनी. लिहिलं बुद्धविहाराजवळच्या उदारामनं. यात लपवण्यासारखं काही नव्हतंच हो! पडदा उघडायच्या आधी भैय्यालाल स्वतः माइकवर खणखणीत सांगायचे, "लेखक, आमचे उदाराम!" बायका तेव्हापासूनच पदर डोळ्याला लावायच्या. पुढे उदाराम गेला, काही वर्षांनी भैय्यालालही गेले. तेरावं उरकलं आणि इंद्रकुमार नाटकावर लेख लिहायला बसला. डोळे भरलेले होते. लेखक म्हणून त्यानं वडिलांचं नाव टाकलं. चुकून? छे! चांगलं माहीत होतं त्याला. बाप गेला होता, त्याचं नाव कुठेतरी राहावं असं वाटलं, बस्स.

त्या ओळीपुढे कोणीतरी 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली. ती त्याला रोज टोचायची. मग मंडईच्या दिवसांत गोंदियाच्या एका पेपरात नाटकाची माहिती छापून आली, आणि त्यात ठळक अक्षरात, लेखक भैय्यालाल. पेपरवाल्यानं ती आणली कुठून? याच्याच लेखातून की! वाक्यंसुद्धा तीच. आणि या शहाण्यानं काय करावं? तोच पेपर संदर्भ म्हणून जोडून टाकला. पाटी गेली. पण त्या दिवसापासून दुकानात एकटा असला की माइकची खरखर ऐकू यायची आणि मागून वडिलांचा आवाज, "लेखक, आमचे..." पुढचं नाव यायच्या आत तो उठून पंखा मोठा करायचा.

यंदा बोडीटोल्यात पक्का रंगमंच बांधायला काढला. एका दुपारी उदारामची बायको रुक्माबाई निराधार पगाराच्या फॉर्मसाठी अंगठा द्यायला दुकानात आली. कसली खुशीत होती!

"इंदर, नाटक लिवणाऱ्याचं नाव दगडावर कोरून राहिले म्हनतेत. तुझ्या काकाचं नाव रे! मले वाचता येत नाही. तू येजो, वाचून दाखवजो."

ती उंबरा ओलांडते न ओलांडते तोच त्यानं लेख उघडला, वडिलांचं नाव खोडून उदारामचं घातलं. घटकाभरात कोणा अनोळखी संपादकानं ते परत होतं तसं केलं. मग यानं लेखाच्या चर्चापानावर सगळं ओकून टाकलं. मी भैय्यालालचा मुलगा, मी खोटं लिहिलं, पेपरनं माझंच उचललं. उत्तर आलं, 'पेपरनं आपल्याकडून घेतलं याला पुरावा काय? आपण कुटुंबातले आहात, तेव्हा या लेखापासून दूर राहावे. उदारामविषयी छापील संदर्भ असल्यास द्यावा. धन्यवाद.' त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? हेच शब्द इंद्रकुमारनं किती जणांना सुनावले होते.

मग तो नव्या सरपंचाकडे, घनश्यामकडे धावला. घनश्याम हसायलाच लागला.

"तुझ्याच बापाचं नाव लावून राहिलो, अन् तूच नाही म्हनतेस? एवढा मोठेपणा कायले गा? नेटवर हाय, पेपरात हाय."

"म्हाताऱ्यायले इचार ना!"

"म्हातारे काहीबी बोलतेत. छापलेलं दाखव. आता त दगडबी कोरून झाला."

उद्घाटनाला रुक्माबाई नवं लुगडं नेसून आली. गर्दीतून वाट काढत तिनं इंद्रकुमारचा हात धरला आणि त्याला थेट दगडापाशी नेलं. शेजारी कोणीतरी दगडाचा फोटो काढत होतं. आता तोही संदर्भ म्हणून जोडला जाणार, हे इंद्रकुमारला लख्ख दिसलं.

"वाच," ती म्हणाली.

उदाराम म्हणून टाकलं असतं तर तिला काय कळणार होतं? नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण आणखी एक खोटं अंगावर घ्यायची त्याची छाती होईना.

"लेखक, भैय्यालाल," तो म्हणाला.

"तुझ्या काकाचं नाही?"

"नाही काकी. मीच खोटं लिवलो होतो. तेच सारीकडं गेलं. आता खरं सांगून राहिलो त कोनी मानत नाही."

"काऊन मानत नाही?"

"म्हनतेत, तू भैय्यालालचा पोरगा. तुझं धरता येत नाही."

रुक्माबाईनं त्याचा हात सोडला. दगडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"अन् खोटं लिवलास तवा," ती म्हणाली, "तवा कोनाचा पोरगा होतास?"