आठ दिवस पाण्याखाली

नावेत कुणी पाय ठेवायच्या आधी मामा हात आडवा धरत. मग वाकून बोटांच्या पेरांनी फळीवर टकटक करत, कान लावत, आणि आवाज पटला तरच हात बाजूला घेत. पटला नाही तर एकच बोलणं, "थांबा. लाकूड पानी पिऊन राह्यलं." त्यावर तहसीलदार असो की लग्नाचं वऱ्हाड, कुणाचं काही चालत नसे.

नव्वदीच्या सुरवातीला मी कळमनुरी तालुक्यात, धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात सिस्टर म्हणून रुजू झाले. माझ्याकडे ते गाव आणि पाण्यापलीकडच्या दोन वाड्या होत्या. पलीकडे जायला सडक होती, पण वारंगा फाट्यावरून मोठा वळसा घालून, आणि पावसाळ्यात मधला ओढा चढला की तीही बंद. मग लसीचा डबा खांद्याला लावायचा आणि मामांच्या नावेत बसायचं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून पावलं टाकणारी बाई. माझी जीभही तिखट, हे आधीच सांगून ठेवते. त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी वाजलं.

"मामा, दहा वाजता लस टोचायची आहे. तुमचं लाकूड किती पिणार?"

"त्याला जेवढं लागंल तेवढं," मामा म्हणाले आणि विडी पेटवून बसले.

नाव जुनी होती. धरणाचं काम चाललं असताना मोजणीसाठी कोकणातल्या सुतारांकडून बांधून घेतलेली, सागवानी, शिडाची. मामा तेव्हा त्या नावेवर हाताखाली होते. शीड कसं बांधायचं, वारा कसा धरायचा, हे ते तिथल्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून शिकले. धरण झालं आणि मामांचं गाव पाण्याखाली गेलं. नाव काठावर सडत पडली, मग लिलावात निघाली. मोबदला मिळाल्यावर कुणी बैलजोडी घेतली, कुणी मोटारसायकल. मामांनी ही नाव घेतली.

मामींना हे जन्मभर पचलं नाही. "घर गेलं पान्यात," त्या माझ्यापाशी गाऱ्हाणं घालत, "अन् ह्येंनी त्याच पान्यावर तरंगायला लाकूड घेतलं. लेकराच्या अंगाला कधी तेल लावलं न्हाई बाई, फळ्यांना लावतेत."

ते खोटं नव्हतं. चैत्रात नाव काठावर ओढली जाई. मामा फळ्यांच्या फटींतला जुना कापूस आकड्यानं उपसून काढत. मग घरच्या शेतातला नवा कापूस जवसाच्या तेलात आणि राळेत भिजवून, बोथट छिन्नीनं ठोकून ठोकून बसवत. वरून डांबर. शीड खताच्या पांढऱ्या गोण्या उसवून शिवलेलं, त्यावर युरियाची अक्षरं तशीच. वैशाखी पौर्णिमेला डोलकाठीवर पंचशीलाचा छोटा झेंडा चढे, सगळ्या गल्लीला खीर मिळे, आणि दुसऱ्या दिवशी मामा ती नाव बुडवून टाकत.

होय, बुडवून. पहिल्या वर्षी मी काठावर गेले तर नाव दगडांनी भरलेली, गळ्याएवढ्या पाण्यात तळाला बसलेली. मला वाटलं, गेली बिचारी. मी तशीच मामींकडे धावत गेले आणि हात धरून म्हणाले, "मामी, झालं ते झालं. मामांना धीर द्या." मामी आधी घाबरल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुढे कितीतरी दिवस गल्लीतल्या बाया मला बघून हसत.

मग मामांनी मला समजावलं. उन्हात लाकूड आकसतं, फटी पडतात. आठ दिवस पाण्याखाली ठेवलं की फुगतं आणि फळीला फळी भिडते. कापूस नुसता मदतीला, खरं काम पाणी करतं. "आठ म्हंजी आठ," ते म्हणाले. "सातव्या दिशी काढली तर ती मधी न्हेऊन सोडंल." त्या आठ दिवसांत मामा काठावरच बसून राहत, जेवण तिथेच. एकदा वाजंत्र्यासकट वऱ्हाड आलं. नवरदेवाचा बाप हातापाया पडला. मामा म्हणाले, "मुहूर्त दुसरा भेटंल पाव्हनं. जीव न्हाई भेटत." वऱ्हाड फाट्यावरून गेलं. लग्न संध्याकाळी लागलं म्हणतात.

पण आषाढात, वारा सुटला की, तीच नाव काय पळायची! मामा मागे सुकाणू धरून बसत, गोण्यांचं शीड टच्च फुगे, आणि कधी न हसणारा तो माणूस आपसूक हसत असे. तळाला वजन म्हणून त्यांच्या बुडालेल्या घराच्या जोत्याचे दगड ठेवलेले असत. जाताना वारा पाठीशी असायचा. येताना तोंडावर, मग आडवं-तिडवं घेत, कंटाळा येईपर्यंत. मी कुरकुर करी. मामा म्हणत, "वाऱ्याशी भांडू न्हाई शिष्टरबाई. त्याला वाटंल आपन चाललो दुसरीकडंच."

त्यांच्याबरोबर दहा वर्षं मी ये-जा केली. एकदाही माझे पाय भिजले नाहीत.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. पाणी सरकत सरकत पार आत गेलं, नाव कोरड्या मातीत उभी राहिली. गावाला टँकर. मामांनी नावेवर कापसाच्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला, ओली पोती अंथरली. प्यायच्या पाण्याला हात लावला तर मामी घरात घेणार नाहीत, म्हणून त्यांनी युक्ती काढली. रोज ते नावेत बसून आंघोळ करायला लागले. अंगावरचं पाणी फळ्यांना मिळे. त्या एका बादलीत माणूस आणि नाव दोघं. मी हसले. आता आठवलं की हसू येत नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला तो एकदम आला. पाणी काठाला लागलं, आणि मामांनी दगड भरून नाव बुडवली. त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, पलीकडच्या काठावर लाल लुगडं हललं.

आमच्याकडे खूण ठरलेली होती. पांढरं धोतर हललं तर उतारू आहेत. लाल लुगडं हललं तर बाई अडली आहे. ओढा चढलेला, सडक बंद. मी पिशवी घेऊन काठावर गेले. मामा लुगड्याकडेच बघत उभे होते.

"काढा नाव," मी म्हणाले.

"तीनच दिस झाले शिष्टरबाई. दोन वरसाचं वाळल्यालं लाकूड हाय. आठ बी कमीच पडतील."

"मामा, तुम्हाला लाकूड मोठं की बाईचा जीव?"

ते धोतर खोचत पुढे झाले. मग पाण्यात उतरले आणि तळाचे जोत्याचे तेवढे ठेवून बाकीचे दगड बाहेर टाकायला लागले. त्या दिवशी त्यांनी फळीवर टकटक केली नाही. मला ते तेव्हाच दिसलं होतं, पण मी घाईत होते.

वारा पाठीशी होता म्हणून पोचलो. अर्ध्या वाटेत घोट्याएवढं पाणी, काठाला लागेतो पोटरीएवढं. मी डब्यानं सारखी उपसत होते. घरात गेले तर पोरगी विशीतली, पहिलंच बाळंतपण, आणि अंगावरून चाललेलं थांबत नव्हतं. तिला मोठ्या दवाखान्यातच न्यायला हवं होतं. चौघांनी बाज उचलली, पाण्यापर्यंत आणली. मामांनी नावेच्या तळाकडे पाहिलं आणि प्रथमच आवाज चढवला.

"न्हाई. हिला यात घालायची न्हाई. मधी गेलो तर सगळेच जाऊ."

"मग काय करू मी?"

"चिठ्ठी द्या. मी एकटा जातो. जीप धाडतो सडकेनं, वढा उतरला असंल तवर."

मी चिठ्ठी लिहिली. मामांनी ती तंबाखूच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, शीड चढवलं आणि तोंडावरच्या वाऱ्यात नाव लोटली. मी बाजेमागोमाग घरात परतले. मागे वळून पाहिलं नाही.

लेकरू झालं, जगलं. पोरगी दिवस मावळायच्या सुमारास गेली. माझा हात तिच्या हातात होता आणि ती विचारत होती, "जीप आली का ओ?" जीप त्यानंतर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपनं वळसा घालून मी परत आले. मामा काठावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. रात्रभर साठलेलं सगळं मी त्यांच्यावर ओतलं. "उशीर केलात मामा. पोरगी गेली. तुम्ही नाव जपत जपत आलात, आणि ती जीपची वाट बघत गेली."

त्यांनी मान वर केली. "व्हय. उशीर झाला," एवढंच म्हणाले.

मी तरातरा निघून आले. काठावर नाव नाही, हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. खरंच दिसलं नाही.

दुपारी मामी उपकेंद्रावर आल्या, मामांच्या तापाची गोळी न्यायला. माझ्याकडे न बघताच बोलल्या. "मधी गेल्यावर फळ्या उघडल्या म्हनं. जोत्याचे दगड व्हते तळाला, नाव बसली. ह्ये पिशवी दातात धरून पवत आले. काठाला लागले अन् वल्याच कपड्यानं डोंगरकड्याच्या दवाखान्याकडं जीपसाठी पळाले. साठीचा मानूस बाई."

मी गोळ्या घेऊन धावत गेले. मामा तिथेच, तसेच बसलेले. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. "मामा, माझं चुकलं," म्हणाले. त्यांनी पाण्याच्या मध्याकडे बोट केलं.

"लाकूड पानी पिऊन राह्यलं शिष्टरबाई. बसा."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. ते मला त्यावरून कधी काही बोलले नाहीत, हीच मोठी शिक्षा होती. छातीत भरलेला खोकला मात्र त्यांना सुटला नाही. पुढे कुणीतरी इंजिनाची फायबरची बोट आणली. मामा त्या बोटीत बसले नाहीत. दर वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते काठावर जाऊन बसत, आठ दिवस, भाकरीही तिथेच. नवख्या माणसानं विचारलं, "इथं काहून बसला मामा?" की तेच उत्तर. लोकांना वाटे, म्हातारं भ्रमिष्ट झालं. मला तसं वाटलं नाही.

माझी बदली कुरुंद्याला झाली. तिथे मामा गेल्याचं मला महिन्यानं कळलं.

त्यानंतर काही वर्षांनी पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला. मामींनी माणूस धाडला. निरोप एवढाच होता, "नाव निघाली." मी पहिल्या बसनं गेले.

पाणी कधी नव्हतं इतकं आत सरकलं होतं. चिखलात नाव कुशीवर कलून पडली होती, डोलकाठी मोडलेली, पोटात जोत्याचे दगड तसेच. मी जवळ जाऊन फळ्यांवरून हात फिरवला. एकही फट नव्हती. नख जाईल एवढीसुद्धा नाही.

मामी वाकल्या. बोटांच्या पेरांनी टकटक केली आणि कान लावला. मी आयुष्यात प्रथमच त्यांना त्या नावेला हात लावताना बघत होते. ऊन चढत होतं, वरच्या फळ्या सुकायला लागल्या होत्या.

"आता झाली असती बराबर," त्या म्हणाल्या.

मग त्या डबक्याकडे गेल्या आणि घागर भरून आणून नावेवर ओतली. मी दुसरी घागर घेतली. दुपारपर्यंत आम्ही दोघी पाणी आणत राहिलो.