शून्यकाकांची चूक

ऑफिसात त्यांना सगळे शून्यकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. काका चिडत नसत. चिडायलाही अंगात बळ लागतं.

दोन कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायचं तर सॉकेट नावाचं दार उघडावं लागतं, आणि उत्तरासाठी किती सेकंद थांबायचं तेही सांगावं लागतं. हे काम करणारं फंक्शन, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार तुकडा, काकांनी सव्विसाव्या वर्षी लिहिलं. शून्य सेकंद म्हणजे अजिबात थांबू नकोस, हे शेंबड्या पोरालाही कळेल. काकांच्या घाईत त्याचा अर्थ झाला ‘कायम थांब’. चूक ध्यानात येईपर्यंत शेकडो लोकांनी त्यावर आपापले प्रोग्रॅम उभे केले होते.

एकदा त्यांनी ती सुधारलीही होती. चौदा वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेने. नवी आवृत्ती सगळीकडे बसली त्या सकाळी पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला, त्या चुकीच्या शून्यावर विसंबलेला जुना प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहीना. उत्तर नाही म्हणजे पंप बिघडला, असं धरून त्याने एकेक करत सगळे पंप थांबवले. तिथल्या इंजिनियरचा फोन आला, “साहेब, तुमचं बरोबरच असेल हो. पण पाणी बंद आहे.” दुपारपर्यंत काकांनी आपली चूक होती तशी परत घातली. घरी गेले, तर बायको तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवत होती. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. लाज वाटली.

तेव्हापासून येणारा प्रत्येक नवा माणूस ते शून्य शोधून काढी, हसे, आणि काका त्याला पंपघराची गोष्ट सांगत. सांगून सांगून जीभ झिजली होती.

आज निवृत्तीचा दिवस, आणि नवी आवृत्तीही आजच बाहेर पडायची होती. टीमची प्रमुख त्यांच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, “काका, आता तरी ते शून्य सरळ करून टाका. जाताना स्वच्छ नावाने जा. तो पंपघराचा प्रोग्रॅम अजून कुठला असायला!”

काकांना मोह झाला. फार झाला. बत्तीस वर्षं तो डाग अंगावर होता, आणि तो पुसणाऱ्या चार ओळी तयारच होत्या. तरी त्यांनी पंपघराला फोन लावला.

“चालू आहे की,” पलीकडची बाई म्हणाली. “लिहिणारे साहेब वारले. आता त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. का हो?”

“सहज विचारलं,” काका म्हणाले.

त्या चार ओळी त्यांनी वेगळ्या नावाच्या नव्या फंक्शनमध्ये घातल्या. ज्याला शहाणपण हवं त्याने ते वापरावं. जुन्या फंक्शनच्या माहितीत लिहिलं, ‘शून्य म्हणजे कायम थांबणे. ही माझी चूक आहे. कृपया सुधारू नये.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

“नाव कशाला, काका? लोक जन्मभर हसतील.”

“हसू दे. निदान हे शून्य पंपघरवाल्यांमुळे राहिलं, असा बोल त्यांना कुणी लावणार नाही.”

घरी तीन जिने चढून गेले तेव्हा बायकोने विचारलं, “मग, शेवटच्या दिवशी काय केलंत?”

“होतं ते तसंच ठेवलं.”

“मग एवढे दमलात कशाने?”

काकांनी बेसिनचा नळ सोडला. पाणी आलं. ते बराच वेळ तोंड धूत राहिले.