पदराचा आडोसा

हिवाळ्यातल्या एका सकाळी, भिवापूरहून नागपूरला येणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर आठेक वर्षांची लेक. दुधात कुस्करलेली पोळी ती लेकीला भरवीत होती आणि प्रत्येक घासानंतर त्या उघड्या तोंडापुढे पदर धरीत होती. खिडकी माझ्या बाजूला होती आणि उघडी होती.

"एवढ्या मोठ्या मुलीला भरवता?" मी हसून विचारले.

"चावताच येत नाही तिले. दाढा खडूवानी झडून राहिल्या. नाक बंद राह्यते, तोंडानंच दम घेते, अन् थंडी हवा लागली का कळ मारते."

"दुधाचे दात असतील. पडतील, नवे चांगले येतील."

"तिचे गुरुजीबी हेच बोलले. म्हणून थांबलो." तिने लेकीचे ओठ पुसले. "हे नवेच होय, भाऊ."

मीही शिक्षकच. हे वाक्य मी आजवर किती आयांना निश्चिंतपणे ऐकवले असेल, ते आता आठवू म्हणता आठवत नाही.

मी काच ओढून घेतली. तिने पदर खाली घेतला. मुलीने मात्र स्वतःचा तळहात तोंडापुढे धरला, आणि नागपुरातला नंदनवनचा थांबा येईपर्यंत तो काढला नाही.